माकिवारा
माकिवारा : कराटेमध्ये ठोसे व हाताचे इतर आघात यांच्या सरावासाठी वापरला जाणारा, माथ्याशी भाताच्या पेंढ्याचा दोर गुंडाळलेला लाकडी खांब.

याचा उगम ओकिनावा बेटावरील (पहा : ओकिनावा). ओकिनावाचे कराटे-शिक्षक फुनाकोशी गिचिन यांनी १९२२ मध्ये टोकियोत कराटेचे प्रात्यक्षिक केले. पुढे ही विद्या जपानच्या मुख्य बेटांवर रुजली आणि हे साधनही तेथे वापरात आले.

खांब म्हणजे एक फळी; ती बुडाशी जाड व वर निमुळती असते; बूड जमिनीत खोल गाडतात. आघाताने ती मागे लवते. जितकी लवते तितका तिचा विरोध वाढतो. हा लवचीकपणाच तिचा प्राण होय : ताठ खांबाचा सर्व धक्का मनगट व कोपरात परततो. माथ्याशी गुंडाळलेल्या दोराची गादी छातीच्या उंचीवर असते. पेंढ्याऐवजी आता चामडे किंवा रबरही लावतात. ठोशात तर्जनी व मध्यमा यांच्या मुळांची हाडे टेकवतात. टांगता प्रकारही आहे.

मनगट, कोपर व खांदा यांची सरळ रेघ आणि कमरेतून येणारा जोर पारखणे हे मुख्य प्रयोजन. कातडी जाड होणे दुय्यम. गोजू-र्‍यू शैलीत याचा समावेश पूरक व्यायामांत होतो (पहा : होजो उंदो). वाढीच्या वयातील मुलांना जोरदार आघात करू देत नाहीत. जपानी धनुर्विद्येतील पेंढ्याच्या लक्ष्यालाही हेच नाव आहे (पहा : क्यूदो).