उदगीरची चकमकीची बंदूक ते १० मीटरची रेंज : नेमबाजीचे पिस्तूल कसे निवडले गेले? (थ्रेड)

१/
३ फेब्रुवारी १७६०. उदगीरच्या मोहिमेचा निर्णायक दिवस. सदाशिवरावभाऊंच्या फौजेने निजामाच्या सैन्याला कोंडीत पकडले आणि मराठ्यांना दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर यांसह मोठा मुलूख मिळाला. या विजयात इब्राहिमखान गारदी याच्या तोफा आणि बंदूकधारी पलटणींचा वाटा मोठा होता.

२/
उदगीरचा इतिहास सांगताना तोफांची चर्चा पुष्कळ होते, हातातल्या शस्त्राची फारशी होत नाही. वास्तविक त्या रणभूमीवर एक जुना प्रश्न उभा होता : शस्त्र निवडायचे ते कशासाठी? आज रेंजवर पहिले पिस्तूल घेणाऱ्या खेळाडूपुढेही हाच प्रश्न असतो. त्याचे उत्तर मात्र अडीचशे वर्षांत पूर्णपणे उलटले आहे.

३/
देशी फौजांत तोड्याची बंदूक रूढ होती. जळता तोडा दारूला लावून बार उडवायचा. वारा आणि पाऊस हे तिचे वैरी. फ्रेंच सेनानी बुसीच्या तालमीत तयार झालेल्या गारद्यांकडे चकमकीची बंदूक होती. चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटे आणि ठिणगी पडे. भरणे जलद, शेजाऱ्याला धोका कमी. त्यामुळे शिपाई खांद्याला खांदा लावून उभे राहू शकत.

४/
तथापि ही बंदूक नेमबाजीची नव्हतीच. नळी आतून गुळगुळीत आणि गोळी नळीपेक्षा किंचित लहान. बार झाला की गोळी नळीत आदळत बाहेर पडे व मन मानेल तशी जाई. शंभर पावलांपलीकडे एका माणसाचा नेम धरणे जवळजवळ व्यर्थ होते. म्हणून सगळी पलटण एकदम बार काढी. नेम शिपायाचा नसे, रांगेचा असे.

५/
स्वाराच्या कमरेचा तमंचा तर याहून आखूड. तो अगदी जवळून, एकदाच झाडण्याचे हत्यार होते. त्या काळी हातातले छोटे शस्त्र निवडताना ‘ऐन वेळी बार होईल का’ एवढेच पाहिले जाई. ‘दुसरी गोळी पहिलीच्याच जागी लागेल का’ हा प्रश्न कोणाच्या मनातही येत नसे. नेमबाजीचा सारा खेळ मात्र याच दुसऱ्या प्रश्नावर उभा आहे.

६/
तो प्रश्न विचारणे एकोणिसाव्या शतकात शक्य झाले. नळीत आतून पिळाचे आटे सर्रास रूढ झाले आणि गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाऊ लागली. गोळी, दारू आणि ठिणगी एकाच धातूच्या काडतुसात आली. १८८७ मध्ये पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस निघाले. धक्का कमी, आवाज कमी, किंमत कमी. आजही रेंजवरच्या पिस्तुलांचे ते मुख्य काडतूस आहे.

७/
पिस्तूल निवडीची सर्वांत बोलकी गोष्ट १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमधली. जॉन आणि सम्नर पेन हे अमेरिकन बंधू नियम नीट ठाऊक नसल्याने पेटारा भरून शस्त्रे घेऊन गेले : कोल्ट व स्मिथ अँड वेसनची रिव्हॉल्व्हरे, लहान कॅलिबरची पिस्तुले आणि सुमारे साडेतीन हजार काडतुसे. प्रत्यक्षात त्यांनी झाडली शंभराहूनही कमी.

८/
सैनिकी पिस्तुलाची स्पर्धा जॉनने जिंकली, फ्री पिस्तुलाची सम्नरने. मात्र त्यांची लहान कॅलिबरची पिस्तुले पंचांनी नाकारली. ती नेहमीच्या वापरातील कॅलिबरची नव्हती. तेव्हापासून एक गोष्ट पक्की झाली. रेंजवर आधी स्पर्धा निवडायची, मग तिचे नियम पाहायचे आणि शेवटी शस्त्र. हा क्रम उलटला की पेटारा भरतो, पण उपयोग होत नाही.

९/
दुसरा धडा हंगेरीच्या कारोली ताकाचचा. १९३८ मध्ये हातबाँबच्या स्फोटात या सैनिकाचा उजवा हात निकामी झाला. त्याने डाव्या हाताने सराव सुरू केला आणि १९४८ व १९५२ अशा दोन ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलाचे सुवर्ण जिंकले. डावखुऱ्या मुठीचे पिस्तूल उजव्या हाताला चालत नाही. या खेळात हात शस्त्राला जुळवून घेत नाही, शस्त्र हाताप्रमाणे घडवावे लागते.

१०/
भारतात मात्र निवडीचा प्रश्न हातापाशी पोहोचण्याआधीच कायद्यापाशी अडला. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या राजवटीत शस्त्र कायदा आला. ब्रिटिश हिंदुस्थानातील सामान्य भारतीयाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येईना. युरोपीयांना मात्र सूट होती. काँग्रेसने आपल्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासूनच या भेदभावाविरुद्ध आवाज उठवला.

११/
परिणामी नेमबाजी संस्थानिक, लष्कर आणि पोलीस यांच्यापुरती उरली. उदगीर निजामाच्या राज्यात होते. तिथे कायदा वेगळा असला तरी बंदुकीचा अर्थ तोच : सत्ता ज्याची, शस्त्र त्याचे. १९४८ पर्यंत रझाकारांच्या दहशतीत मराठवाड्यातील सामान्य माणसाने बंदूक पाहिली ती बहुधा नळीच्या पुढच्या बाजूने. ही आठवण इथल्या घराघरांत मुरलेली आहे.

१२/
स्वतंत्र भारतात चित्र पालटू लागले. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. लोकसभेचे पहिले अध्यक्ष, गांधीजींच्या चळवळीत तुरुंगवास भोगलेले मराठी गृहस्थ. राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणाऱ्या वाटेवरची मावळंकर स्पर्धा आजही त्यांच्या नावाने भरते. अहिंसेचा पाईक नेमबाजीच्या संस्थेचा पाया घालतो, यात विसंगती नाही. शस्त्राची खेळात झालेली रूपांतराची सुरुवातच त्यात दिसते.

१३/
१९५९ चा शस्त्र कायदा भेदभावरहित असला तरी कडक राहिला. ९ मिलिमीटरसारखी कॅलिबरे सामान्य नागरिकासाठी निषिद्ध ठरली. पॉइंट टू-टू पिस्तुलालाही परवाना हवा, अर्ज हवा, पोलीस पडताळणी हवी. जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर राहणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलीला हा रस्ता किती लांबचा, हे वेगळे सांगायला नको.

१४/
हे दार उघडले एअर पिस्तुलाने. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर पिस्तुलाचा समावेश झाला. यात दारू नाही, काडतूस नाही. दाबलेल्या हवेने ४.५ मिलिमीटरचा छर्रा सुटतो. भारताच्या २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार या कॅलिबरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही.

१५/
म्हणून नवख्याची पहिली निवड बहुतेक ठरलेलीच : १० मीटर एअर पिस्तूल. नियमांनुसार वजन १५०० ग्रॅमपर्यंत. चापाचा दाब किमान ५०० ग्रॅम. एकच हात, कशाचाही आधार नाही, भिंगाची दुर्बीण नाही. लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटर व्यासाचे.

१६/
एक साधे गणित पाहावे. पिस्तुलाची मागची खाच आणि पुढची माशी यांत ३० सेंटिमीटर अंतर धरले आणि माशी खाचेच्या मध्यापासून १ मिलिमीटर हलली, तर १० मीटरवर छर्रा सुमारे ३३ मिलिमीटर दूर पडतो. दहाऐवजी सहा गुण! म्हणून नजर लक्ष्यावर नव्हे, माशीवर ठेवायला शिकवतात. लक्ष्य धूसर दिसले तरी चालते.

१७/
यावरूनच निवडीची कसोटी निघते. मूठ तळव्यात अशी बसावी की पिस्तूल उचलताच माशी आपोआप खाचेत यावी. मूठ मोठी असेल तर ती घासून, रंधून हाताजोगी करतात. वजन इतकेच असावे की साठावी गोळी झाडतानाही खांदा थरथरू नये. चाप हलका असण्यापेक्षा प्रत्येक वेळी सारखा सुटणारा असावा. कंपनीचे नाव यानंतर येते.

१८/
शस्त्राच्या विश्वासार्हतेचे मोल टोकियोत दिसले. जुलै २०२१ मध्ये पात्रता फेरी चालू असताना मनू भाकरच्या एअर पिस्तुलात बिघाड झाला, मोलाची मिनिटे गेली आणि अंतिम फेरी हुकली. तीच मनू २०२४ मध्ये पॅरिसहून दोन कांस्यपदके घेऊन परतली. उत्तम पिस्तूलही बिघडू शकते. म्हणून देखभाल हा निवडीचाच भाग मानावा.

१९/
एअर पिस्तुलावर हात बसला की पुढची पायरी २५ मीटर, पॉइंट टू-टू. इथे महाराष्ट्राचे नाव घेतले जाते ते कोल्हापूरच्या राही सरनोबतमुळे. २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात सुवर्ण. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, आणि हा वैयक्तिक मान मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज.

२०/
तिच्या स्पर्धेत पहिल्या तीस गोळ्या संथ, अचूकतेच्या. पुढच्या तीस गोळ्यांत लक्ष्य दर वेळी फक्त ३ सेकंद समोर येते. तेवढ्यात खाली धरलेला हात वर उचलायचा, माशी जुळवायची आणि चाप ओढायचा. शांत गोळीला साजेसे पण घाईतही न डळमळणारे, असे एकच पिस्तूल दोन्ही कामांना लागते. म्हणून इथली निवड एअर पिस्तुलाहून अवघड.

२१/
उदगीरच्या रणात शस्त्र शिपायाने निवडले नव्हते. सरदाराने ते दिले, रांगेने ते चालवले आणि समोर माणूस होता. रेंजवर शस्त्र खेळाडू स्वतः निवडतो, एकटा चालवतो आणि समोर कागदाचे वर्तुळ असते. चुकलेल्या गोळीचा दोष ना रांगेवर ढकलता येतो, ना शत्रूवर.

२२/
उदगीरचा किल्ला आजही त्या लढाईची आठवण सांगत उभा आहे. परंतु शस्त्राच्या इतिहासातली मोठी घटना केवळ लढाई नसते. ज्या प्रदेशाने बंदूक भीती म्हणून ओळखली, तिथल्या एखाद्या मुलीने एअर पिस्तूल उचलावे, श्वास रोखावा आणि ११.५ मिलिमीटरच्या वर्तुळाखेरीज कोणाचेही वाईट चिंतू नये, हीसुद्धा इतिहासातलीच घटना आहे. तिची तारीख मात्र कोणत्याही बखरीत सापडणार नाही.

(समाप्त)