एका खोलीतील पाचोरा-जामनेर

जळगाव जिल्ह्यातील पाचोरा ते जामनेर ही ५६ किलोमीटरची नॅरोगेज रेल्वे १९१८-१९ मध्ये सुरू झाली. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर अशी स्थानके घेत जाणारी ही गाडी परिसरात ‘पीजे’ या नावानेच परिचित होती. २०२० च्या टाळेबंदीत थांबल्यानंतर ती पुन्हा धावली नाही आणि मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर करण्याचे काम हाती घेण्यात आले. त्यामुळे या मार्गाची प्रतिकृती घरात उभारणे हा छंद आता जतनाचेही साधन ठरतो.

प्रमाण कोणते?
जगभर रूढ असलेले ‘एचओ’ प्रमाण म्हणजे १:८७. पीजेच्या रुळांतील ७६२ मिलिमीटर अंतर या प्रमाणात सुमारे ८.८ मिलिमीटर भरते. ऑस्ट्रियातील ७६० मिलिमीटरच्या रेल्वेसाठी बनणारे ९ मिलिमीटरचे रूळ त्याला जवळजवळ तंतोतंत जुळतात. इंजिनाचा चाकांचा सांगाडा तयार घ्यावा; वरचा साज मात्र छायाचित्रांवरून हातानेच करावा लागतो. पाचोऱ्याचा ब्रॉडगेज फलाट दाखवायचा झाल्यास अडचण येते. १,६७६ मिलिमीटरचे अंतर १९ मिलिमीटरहून अधिक होते, तर बाजारातील एचओ रूळ १६.५ मिलिमीटरचे असतात.

काय वगळावे?
संपूर्ण मार्ग १:८७ प्रमाणात मांडल्यास सुमारे ६४४ मीटर जागा लागेल. दहा बाय बारा फुटांच्या खोलीच्या चारही भिंती मिळून जेमतेम १३ मीटर होतात. म्हणूनच आराखड्याचे पहिले काम निवडीचे आहे. लांब भिंतीवर जामनेर, कोपऱ्यात कपाशी व केळीची शेते, आखूड भिंतीवर पहूर आणि पडद्याआड पाचोऱ्याच्या जागी दोन-तीन रुळांचे लपलेले यार्ड, अशी इंग्रजी ‘एल’ आकाराची मांडणी पुरेशी होते.

जामनेर हे शेवटचे स्थानक असल्याने इंजिन सोडवून, लूप लाइनने मागे आणून डब्यांच्या दुसऱ्या टोकाला जोडावे लागे. गाडी गोल फिरवत ठेवण्यापेक्षा या हालचालीतच खरी गंमत आहे. इंजिन व चार डब्यांची गाडी सुमारे ६० सेंटिमीटर धरल्यास लूप किमान ८० सेंटिमीटरचा हवा. सांध्यापलीकडे इंजिन मावेल एवढी जागा विसरू नये.

बांधणी
फळीची रुंदी ४५ सेंटिमीटर व उंची सुमारे ११० सेंटिमीटर ठेवल्यास हात सर्वत्र पोहोचतो. वळणाची त्रिज्या शक्यतो ३० सेंटिमीटरपेक्षा कमी नसावी. चढ दोन टक्क्यांच्या आत असावा. वीजपुरवठा १२ व्होल्टचा असला, तरी दर मीटरला रुळांना स्वतंत्र तार जोडावी. खानदेशातील उन्हाळा लक्षात घेता रुळांच्या जोडांत बारीक फट सोडावी आणि धुळीपासून बचावासाठी आच्छादन ठेवावे.

पुण्यातील कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ साली खुले झाले. तेथे एका पटलावर अख्खे शहर नांदते. घरच्या खोलीत एकच स्थानक पुरे. मात्र इमारतीची मापे, रंग, पाट्या यांची नोंद आराखड्याआधी करावी. रूळ विकत मिळतात. जुने जामनेर स्थानक मात्र छायाचित्रांत आणि त्या गाडीने प्रवास केलेल्यांच्या आठवणींतच शोधावे लागेल.