अज्ञानाचे खंडन आणि सत्याची कसोटी : अमळनेरच्या निमित्ताने

सत्ताशास्त्रीय सिद्धान्त खरा की खोटा हे ठरविता येते काय, हा प्रश्न विसाव्या शतकात सामान्यतः व्हिएन्ना व ऑक्सफर्ड येथील विचारवंतांशी जोडला जातो. त्याच काळात खानदेशातील अमळनेर येथेही तो निराळ्या वाटेने पुढे आला होता. प्रताप शेठ यांच्या आश्रयाने १९१६ मध्ये तेथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले आणि अद्वैत वेदान्त हा त्याच्या चिंतनाचा गाभा राहिला. संस्थेतील जी. आर. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तीन अभ्यासकांचा 'अज्ञान' हा इंग्रजी ग्रंथ १९३३ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला.

अद्वैताची सत्याची कसोटी अबाधितत्वाची आहे. ज्याचा पुढील ज्ञानाने बाध होत नाही ते सत्य. दोरीवरील सर्प बाधित होतो, म्हणून तो मिथ्या. परंतु जगाचे मिथ्यात्व स्वतः सत्य की मिथ्या? सत्य मानल्यास द्वैत येते. मिथ्या मानल्यास जगाचे सत्यत्व परत येते, असा आक्षेप आहे. व्यासतीर्थांच्या 'न्यायामृता'स मधुसूदन सरस्वतींनी 'अद्वैतसिद्धी'त उत्तर दिले, त्या वादातील हे एक कळीचे स्थळ होय. अनुभवाने पडताळता न येणारा सिद्धान्तही अंतर्विरोधाच्या कसोटीवर तपासता येतो, हे या वादातून दिसते.

मराठीत याच स्थळी ज्ञानदेव तेराव्या शतकात पोहोचले होते. 'अमृतानुभवा'चे सातवे प्रकरण अज्ञानखंडनाचे आहे. अज्ञान ज्ञानात राहू शकत नाही आणि ज्ञानाहून वेगळे त्याला स्थान नाही, असा त्यातील युक्तिवाद आहे. मात्र त्याआधी शब्दाचे आणि त्यानंतर ज्ञानाचेही खंडन येते. शब्द स्मरण करून देतो. पण आत्म्याला स्वतःचा विसर कधी पडलाच नाही, तर शब्दाने काय साधावे? प्रतिपक्ष खोटा ठरला तरी स्वपक्ष विधानाच्या रूपात खरा म्हणून उरत नाही.

१९३३ ते १९३५ या काळात अमळनेरच्या संस्थेचे संचालक असलेल्या कृष्णचंद्र भट्टाचार्यांनी १९३६ मधील आपल्या निबंधात असे प्रतिपादिले, की शब्दशः विचारविषय होते ते केवळ वस्तुतथ्य. परमसत्य प्रतीकरूपानेच उच्चारता येते. त्याच वर्षी ए. जे. एअर यांनी सत्ताशास्त्रीय विधाने अर्थशून्य ठरविली. दोघांनीही या उक्तींना तथ्यविधानाचा दर्जा नाकारला. पण एअर यांना तेथे अर्थाचा अभाव दिसला, तर भट्टाचार्यांना उक्तीचा वेगळा प्रकार.

तेव्हा खंडन आणि सत्यापन यांत समतोल नाही. विसंगती दाखवून सिद्धान्त नाकारता येतो. सुसंगती दाखवून तो सत्य ठरत नाही. म्हणून 'अमृतानुभव' केवळ काव्य मानून त्यातील तर्क सोडून देणे, अथवा केवळ सिद्धान्तग्रंथ मानून त्यातील शब्दखंडन दुर्लक्षिणे, ही दोन्ही वाचने अपुरी ठरतात. तौलनिक साहित्याभ्यासाला अशा ग्रंथांच्या वाङ्मयप्रकाराचा निर्णय त्यांच्या तर्कासह करावा लागेल.