प्रामाणिकपणा, ख्रिस्ती
ख्रिस्ती नीतिविचारातील एक मूलभूत सद्गुण. खोटी साक्ष देऊ नये, ही दहा आज्ञांपैकी एक आज्ञा त्याचा पाया होय. साधा होकार वा नकारही शपथेइतकाच विश्वासार्ह असावा, अशी शिकवण येशूने डोंगरावरील प्रवचनात दिली. जकातदार जक्कयाच्या कथेत लुबाडलेले धन चौपट परत करण्याची तयारी खऱ्या पश्चात्तापाची खूण ठरते. हा सद्गुण व्यवहाराइतकाच स्वतःच्या श्रद्धेशीही राखायचा असतो. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. तरी न पटलेली धर्ममते केवळ चर्चच्या अधिकाराखातर त्यांनी स्वीकारली नाहीत. बाबा पदमनजींनी (१८३१–१९०६) ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात आपल्या धर्मांतरामागील मनोमंथन मांडले. मराठी ख्रिस्ती परंपरेतील प्रामाणिकपणाची ही ठळक उदाहरणे होत.