जासईचा सातबारा आणि राहण्याचा हक्क

उरण तालुक्यातल्या जासई आणि आसपासच्या गावांत 1984 हे वर्ष आजही तारखेसह सांगितले जाते. 16 जानेवारीला दास्तान फाट्यावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात दोन शेतकऱ्यांचा बळी गेला. दुसऱ्या दिवशी नवघर फाट्यावर आणखी तिघे कोसळले. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने जमीन घ्यायची तर रास्त मोबदला द्यावा आणि विकसित जमिनीत वाटा द्यावा, एवढीच त्यांची मागणी होती.

त्याच वर्षी कॅरिबियन समुद्रातल्या सेंट किट्स आणि नेव्हिस या चिमुकल्या देशाने नागरिकत्वाचा कायदा केला. आदल्याच वर्षी, सप्टेंबर 1983 मध्ये, तो ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाला होता. देशात मोठी गुंतवणूक करणाऱ्या परदेशी माणसाला नागरिकत्व देण्याची तरतूद या कायद्यात होती. पैसे मोजून मिळणाऱ्या पासपोर्टचा जगातला हा सर्वात जुना चालू उपक्रम. पुढे 1993 मध्ये डॉमिनिका आणि 2013 ते 2015 या काळात अँटिग्वा, ग्रेनाडा व सेंट लुसिया याच वाटेने गेले. या बेटांची अर्थव्यवस्था उसाच्या आणि केळीच्या मळ्यांवर उभी होती. ती ढासळत गेली. सेंट किट्सचा साखर उद्योग तर 2005 मध्ये कायमचा बंद झाला. तिथे परक्या माणसाला जमीन घ्यायला एरवी सरकारी परवाना लागतो. मात्र सरकारमान्य प्रकल्पात घर घेऊन नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो.

जमिनीची मालकी आणि राहण्याचा हक्क यांचे नाते जासईत फार वेगळ्या रीतीने घडले.

उरणची जमीन खाडीशी झगडून मिळवलेली. भरती अडवण्यासाठी मातीचे बांध घालायचे, पाण्याचा निचरा व्हावा म्हणून त्यात उघाड्या ठेवायच्या आणि आतल्या खारपट्ट्यात भात पिकवायचा. बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरे आणि ती जमीन पुन्हा भाताजोगी होईपर्यंत हंगाम वाया जात. म्हणून बांधाची डागडुजी हे एका घराचे नव्हे, गावाचे काम असे. भाताच्या जोडीला मिठागरे आणि मासेमारी. आगरी-कोळी समाजाचा संसार या तीन आधारांवर चाले.

कष्ट होते, पण कागदावर नाव नसे. कुलाबा जिल्ह्यात खोत आणि सावकारांचा अंमल होता. त्याविरुद्ध अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 मध्ये शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो अनेक वर्षे टिकला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. स्वातंत्र्यानंतर कूळकायदा आला आणि 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला. कसणारी कुळे कायद्याने मालक मानली गेली. पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्यांचे नाव सातबाऱ्यावर चढू लागले.

हे नाव तिथे फार काळ राहिले नाही. 1965 मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मुंबईच्या खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली. 17 मार्च 1970 रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी निश्चित झाल्या. कूळकायद्याच्या कृषक दिनाला तेव्हा जेमतेम 13 वर्षे झाली होती.

या शेतकऱ्यांची बाजू मांडणारा नेता जासईचाच होता. 13 जानेवारी 1926 रोजी इथे जन्मलेले दिनकर बाळू पाटील, म्हणजे सगळ्यांचे ‘दि. बा.’, पेशाने वकील आणि शेतकरी कामगार पक्षाचे आमदार होते. पुढे ते खासदार झाले आणि विधानसभेत विरोधी पक्षनेतेही. त्यांच्या मागणीचा गाभा साधा होता: रोख मोबदला संपून जातो, म्हणून ज्याची जमीन गेली त्याला विकसित जमिनीत हिस्सा हवा. पाच हुतात्म्यांच्या बलिदानानंतर हीच मागणी साडेबारा टक्के योजनेच्या रूपाने मान्य झाली. 1990 आणि 1994 च्या शासननिर्णयांनी तिला आकार दिला.

तिचा हिशेब एका एकरावर मांडला की नीट कळतो. एक एकर म्हणजे 40 गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातून सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के, म्हणजे दीड गुंठा, वजा होतो. एका एकराच्या बदल्यात हातात येतात साडेतीन गुंठे. तो भूखंडही सिडकोच्या 60 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. काल सातबाऱ्यावर मालक असलेला शेतकरी आज त्याच परिसरात पट्टेदार झाला. अनेक कुटुंबांनी वाट पाहून थकल्यावर आपला भूखंड बिल्डरला विकून टाकला.

त्या कॅरिबियन बेटांच्या तुलनेत आपला कायदा परक्यांच्या बाबतीत सावध आहे. भारतीय वंशाचा नसलेला आणि परदेशात राहणारा माणूस ‘फेमा’ कायद्यानुसार इथे घर विकत घेऊ शकत नाही. त्याला जास्तीत जास्त पाच वर्षांचा भाडेपट्टा घेता येतो. ओसीआय कार्ड असलेल्या अनिवासी मराठी माणसाला सिडकोने वसवलेल्या उलवे किंवा द्रोणागिरीत फ्लॅट घेता येतो, शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही. 2016 मध्ये केंद्राने परदेशी गुंतवणूकदारांसाठी दीर्घ वास्तव्याची योजना मंजूर केली: 18 महिन्यांत 10 कोटी किंवा 36 महिन्यांत 25 कोटी रुपयांची गुंतवणूक आणि वर्षाला किमान 20 भारतीयांना रोजगार. त्या बदल्यात 10 वर्षे वास्तव्य आणि राहण्यासाठी एक घर घेण्याची मुभा. बाहेरून येणाऱ्या माणसाचा विचार कायद्याने इतक्या बारकाईने केला आहे.

गावातल्या माणसाच्या बाबतीत तेवढी काळजी घेतली गेली नाही. कुटुंबे वाढली, गावठाणाची हद्द त्या प्रमाणात वाढली नाही. मुलांनी आणि नातवंडांनी स्वतःच्या गावात, जुन्या घराशेजारी घरे बांधली आणि ती सरकारदप्तरी अनधिकृत ठरली. ‘गरजेपोटी घरे’ हे त्यांचे नाव आता शासननिर्णयांतही आले आहे. 2022 मध्ये गावठाणापासून 250 मीटरच्या आतली अशी घरे नियमित करण्याचा निर्णय झाला.

दरम्यान जासईचा भोवताल पार बदलला. 1989 मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. 12 जानेवारी 2024 रोजी शिवडीहून येणारा अटल सेतू जवळच चिर्ल्याशी जोडला गेला. 8 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. त्या विमानतळासाठी विस्थापित झालेल्यांना साडेबावीस टक्के विकसित जमिनीचे पॅकेज मिळाले. विमानतळाला दि. बां.चे नाव द्यावे म्हणून या गावांतली माणसे हजारोंनी रस्त्यावर उतरली.

दि. बां.चे नाव लागायला हवेच. पण त्याच्या जोडीला गावठाणांची मोजणी पुरी करून प्रत्येक गरजेपोटी घराच्या मालकाला मालमत्तापत्रक हाती देणे, हे शासनाचे आणि सिडकोचे राहिलेले काम आहे. ते त्यांनी आता आणखी लांबवू नये.