‘अपात्र’ हा शेरा कुठून आला?

आमदार अपात्र ठरतो तेव्हा चॅनेलवर आठवडाभर चर्चा चालते. तळोद्याच्या एखाद्या पाड्यावरचा वनहक्काचा दावा अपात्र ठरतो तेव्हा बातमीसुद्धा होत नाही. शब्द मात्र एकच आहे. म्हणून त्याचा इतिहास पाहायला हवा.

मनुस्मृतीचा नववा अध्याय काढा. जातीतून पतित झालेला, जन्मांध, बहिरा, मुका यांना वडिलांच्या मालमत्तेत वाटा नाही. 1850 मध्ये इंग्रजांनी कायदा केला की धर्म सोडला किंवा जातीबाहेर टाकलं म्हणून कुणाचा वारसाहक्क जाणार नाही. पण ज्याच्याकडे वारशाला काहीच नव्हतं त्याला या कायद्याचा काय उपयोग? त्याला पाणी हवं होतं. 4 ऑगस्ट 1923 ला बोले ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला, तरी चवदार तळ्यावर 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना स्वतः जावं लागलं. ती बंदी घालायला पुरावा लागत नव्हता, सुनावणी नव्हती, मुदत नव्हती, अपीलही नव्हतं. जन्म झाला की माणूस अपात्र! संविधानाच्या मराठी अनुवादात अनुच्छेद 17 मध्ये यासाठी ‘निःसमर्थता’ असा शब्द आहे. ती लादणं आज गुन्हा आहे.

‘अपात्रता’ ही वेगळी गोष्ट. ती कायद्यात लिहिलेल्या कारणासाठी, एका माणसाला, त्याचं म्हणणं ऐकून लावायची असते. पण या दोन्हींमधली भिंत पातळ आहे. पुणे कराराचा 148 हा आकडा आपल्याला पाठ असतो. त्याच करारात पुढे म्हटलंय की, स्थानिक निवडणुका आणि सरकारी नोकऱ्यांत अस्पृश्य म्हणून कुणावर निर्बंध नसेल, मात्र नोकरीसाठी शैक्षणिक पात्रतेची अट राहील. ज्यांना शाळेत बसू दिलं नाही, त्यांच्यासाठी ही अट म्हणजे काय, हे सांगायला नको. 1919 मध्ये साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी हेच मांडलं होतं: मालमत्तेवर मताधिकार ठेवला तर अस्पृश्य बाहेरच राहणार.

आता एक अवघड गोष्ट. सातपुड्यात बसून ती टाळता येणार नाही. 6 मे 1945 ला मुंबईत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या अधिवेशनातल्या भाषणात बाबासाहेबांनी आपल्या प्रतिनिधित्वाच्या योजनेतून आदिवासींना बाजूला ठेवलं. राजकीय संधीचा उपयोग करून घेण्याइतकी राजकीय जाणीव त्यांच्यात अजून आलेली नाही, असं कारण दिलं. माझ्या मते हे चुकीचं होतं, आणि आपण ते झाकू नये. भिल्ल-पावरा तरुण हा प्रश्न विचारतात, तो रास्त आहे. पण पुढचंही सांगायला हवं. मसुदा समितीचे अध्यक्ष असताना त्यांनी जे संविधान सभेपुढे ठेवलं, त्यात आदिवासींना राखीव जागा आहेत आणि अनुच्छेद 326 प्रमाणे प्रत्येक प्रौढाला मत आहे. मतदार म्हणून अपात्र ठरवण्याची कारणं तिथे मोजकी आहेत: अनिवास, मनोविकलता, गुन्हा, भ्रष्ट किंवा अवैध आचार. शिक्षण नाही, जमीन नाही, ‘जाणीव’ही नाही.

मताच्या बाबतीत बंद केलेलं दार उमेदवारीच्या बाबतीत पुन्हा उघडलं. हरियाणाने पंचायत निवडणुकीसाठी शिक्षणाची आणि घरात संडास असण्याची अट घातली. 10 डिसेंबर 2015 ला राजबाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. गरिबी हा दोष नसून परिस्थिती आहे, एवढंही त्या निकालाला दिसलं नाही.

वनहक्काचंही तेच. 2006 चा कायदा ऐतिहासिक अन्याय मान्य करतो. नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाबही पुरावा धरलाय. तरी कागद नाही म्हणून दावे फेटाळले गेले. 13 फेब्रुवारी 2019 ला दावे फेटाळले गेलेल्यांना हटवण्याचा आदेश आला आणि 28 फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. त्या पंधरा दिवसांत जंगलातल्या लाखो घरांवर ‘अपात्र’ हा एकच शब्द टांगलेला होता.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, कुणाच्या हातात असा शेरा पडला तर आधी कारण लेखी मागा. दावेदाराला निर्णय व्यक्तिशः कळवणं नियमाने बंधनकारक आहे. ग्रामसभेविरुद्ध उपविभागीय समितीकडे आणि तिच्याविरुद्ध जिल्हा समितीकडे, दोन्हीकडे 60 दिवसांत दाद मागता येते. कागदावर निर्णय कळवल्याची तारीख आहे का, ते आधी बघा.