दिसणारी अक्षरे, सापडणारी अक्षरे

वेबसाइट बिल्डर निवडताना आपण आधी दर पाहतो, मग रंगरूप. सर्च इंजिन काय पाहते, हे इतिहासातून कळते.

1991 साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यात देवनागरी होती, उर्दूला लागणारी अरबी लिपीही होती. तरी पुढे कित्येक वर्षे अनेक उर्दू वृत्तपत्रे इनपेजमध्ये जुळवलेली पाने चित्ररूपात चढवत राहिली. बराच मराठी मजकूर जुन्या फॉन्टांत अडकला. वाचकाला अक्षरे दिसत, सर्च इंजिनला मात्र नुसते चित्र किंवा निरर्थक रोमन खुणा. शोधणाऱ्याच्या लेखी तो मजकूर नव्हताच.

2006 मध्ये स्थापन झालेल्या विक्सची पानेही आधी फ्लॅशवर होती, सर्च इंजिनला वाचायला अवघड. 2012 मध्ये त्यांनी एचटीएमएल5 स्वीकारले. जिओसिटीजचे दुखणे निराळे. याहूने 1999 मध्ये ते विकत घेतले आणि 2009 मध्ये, जपान वगळता, बंद केले. पत्ते कंपनीचे होते, म्हणून जुने दुवेही गेले.

तेव्हा तीन गोष्टी तपासा: मजकूर युनिकोडमध्ये राहतो का, प्रत्येक पानाला स्वतंत्र शीर्षक देता येते का आणि डोमेन आपल्या नावावर राहून मजकूर बाहेर काढता येतो का. आपल्या गावाचा, शाळेचा इतिहास उद्या कुणी शोधेल, तेव्हा तो सापडायला हवा.